मेंदूतील डिफॉल्ट मोड नेटवर्कविषयीचे संशोधन कसे वाचावे

नैराश्यात डिफॉल्ट मोड नेटवर्क, म्हणजे विश्रांतीत अधिक सक्रिय असणाऱ्या मेंदूच्या भागांचे जाळे, अतिसक्रिय होते, अल्झायमरमध्ये ते ढासळते, ध्यानामुळे ते शांत होते, अशी विधाने आरोग्यविषयक लेखनात वारंवार आढळतात. त्यांच्या मुळाशी बहुधा खरे संशोधन असते, परंतु मूळ शोधनिबंधात जे मोजले गेले आणि बातमीत जे सांगितले गेले, त्यांत बरेच अंतर पडलेले असते. असे विधान समोर आल्यावर ते कसे तपासावे, हे येथे मांडले आहे.

प्रथम या जाळ्याची ओळख पक्की करावी. कपाळामागे मध्यरेषेलगत असलेला मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, मेंदूच्या मागील भागातील पोस्टेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स व प्रिक्युनिअस आणि दोन्ही बाजूंचे अँग्युलर गायरस हे त्याचे मुख्य घटक असून, स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पसचा परिसरही त्यांच्याशी जोडलेला असतो. बाहेरच्या एखाद्या कामात लक्ष गुंतले की या भागांची सक्रियता घटते, हे 1997 मध्ये अनेक पेट-स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य देऊन मेंदूचे कार्य दाखवणारी तपासणी) अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आणि 2001 मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मार्कस रेकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डिफॉल्ट मोड’ ही संकल्पना मांडली. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळीही तो शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ 20 टक्के ऊर्जा वापरतो, आणि एखादे काम हाती घेतल्याने त्यात पडणारी भर त्या मानाने अगदी थोडी असते. भूतकाळ आठवणे, भविष्याची कल्पना करणे, दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज घेणे, स्वतःविषयी विचार करणे, या सर्वांत हे जाळे भाग घेते. म्हणून त्याला केवळ चिंतेचे किंवा भरकटलेल्या मनाचे केंद्र ठरवणारा लेख तिथेच संशयास्पद मानावा.

त्यानंतरचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, प्रश्न म्हणजे नेमके काय मोजले गेले. विश्रांतीत त्या भागांची सक्रियता किती होती, काम सुरू झाल्यावर ती किती उतरली आणि त्या भागांतील संथ चढउतार एकमेकांशी किती जुळले, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या गोष्टीला जोडणी म्हणतात. तिच्या आधारे हे जाळे एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूची सक्रियता टिपणाऱ्या एमआरआय स्कॅनमध्ये, दाखवण्याचे काम 2003 मध्ये मायकेल ग्रेसियस यांच्या गटाने केले. हे चढउतार इतके संथ असतात की एका आवर्तनाला साधारणपणे दहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. शिवाय एफएमआरआय चेतापेशींचे संदेश थेट मोजत नाही, तर रक्तातील प्राणवायूशी निगडित बदल टिपते. बातमीतला ‘अतिसक्रिय’ हा शब्द या तिन्हींपैकी कशासाठी वापरला आहे, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शोधनिबंधाच्या पद्धतीच्या भागात दोन बाबी आवर्जून शोधाव्यात. सहभागी व्यक्तींचे डोळे उघडे होते की मिटलेले आणि त्यांना झोप लागली होती का, याने निकाल बदलतात. दुसरी बाब डोक्याच्या हालचालीची. अगदी थोड्या हालचालीनेही दूरच्या भागांमधील जोडणी कमी आणि जवळच्या भागांमधील जोडणी जास्त भासू शकते, हे 2012 च्या सुमारास स्पष्ट झाले. लहान मुले, वृद्ध आणि रुग्ण स्कॅनरमध्ये अधिक हलतात, त्यामुळे त्यांची निरोगी तरुणांशी केलेली तुलना विशेष जपून वाचावी लागते.

आजारांबाबतचा पुरावा सर्वत्र सारखा भक्कम नाही. अल्झायमरमध्ये तो बराच सुसंगत आहे: अमायलॉइड हे प्रथिन ज्या भागांत लवकर साचते, ते या जाळ्याशी मोठ्या प्रमाणात जुळतात आणि पोस्टेरिअर सिंग्युलेटमधील ग्लुकोजचा वापर आजाराच्या सुरुवातीच्या काळातच घटलेला दिसतो. तरीही जाळ्यातील बिघाडामुळे अमायलॉइड साचते की अमायलॉइडमुळे जाळे बिघडते, हे अशा जुळणीवरून ठरत नाही. नैराश्यात चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. 2015 च्या एका मोठ्या विश्लेषणात जाळ्यांतर्गत जोडणी वाढलेली आढळली. 2019 मध्ये चीनमधील 1300 रुग्ण आणि 1128 निरोगी व्यक्तींच्या माहितीवरून मात्र वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांत ती घटलेली दिसली आणि त्या घटीचा संबंध औषधोपचाराशी आढळला. म्हणून नैराश्यावरील निबंधात रुग्णांना पहिलाच झटका होता की पुन्हापुन्हा आलेला, आणि ते औषधे घेत होते का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष स्वीकारू नये. अवधानदोष (एडीएचडी) आणि स्किझोफ्रेनिया यांतही काम करताना हे जाळे पुरेसे दबत नाही, असे निष्कर्ष आले आहेत. एकच लक्षण इतक्या भिन्न आजारांत दिसत असेल, तर त्यावरून आजार ओळखता येणार नाही, हे उघड आहे.

हे सर्व निष्कर्ष गटांच्या सरासरीचे असतात. रुग्ण आणि निरोगी व्यक्तींची मापे परस्परांत मिसळलेली असल्यामुळे एका व्यक्तीच्या विश्रांती-एफएमआरआयवरून नैराश्याचे किंवा अल्झायमरचे निदान करण्याची पद्धत रूढ वैद्यकीय व्यवहारात नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्या तपासणीवर खर्च करू नये. विसरभोळेपणा वाढत असेल तर डॉक्टर सविस्तर विचारपूस करतात, स्मृती व आकलनाच्या चाचण्या घेतात, ब-12 जीवनसत्त्व व थायरॉइडची रक्ततपासणी आणि मेंदूचा एमआरआय करतात. त्यानंतरही शंका उरल्यास मेंदूचा ग्लुकोज वापर दाखवणारा पेट-स्कॅन सुचवला जाऊ शकतो, आणि त्या अहवालात पोस्टेरिअर सिंग्युलेटचा उल्लेख आल्यास तो याच जाळ्याच्या एका घटकाविषयी आहे, हे ओळखून त्याचा अर्थ बाकीच्या तपासण्यांसह डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.