बर्लिनच्या बसमध्ये कंडक्टर नसतो : या चुका टाळा

बर्लिनला मुलांकडे आलेले आईबाबा असोत की नुकतेच शिकायला आलेले विद्यार्थी, बसमध्ये सगळे एकाच गोष्टीपायी अडचणीत येतात. इथे कंडक्टर नसतो. "तिकीट, तिकीट" म्हणत कोणी जवळ येत नाही. तिकीट आहे का, चालू आहे का, बरोबर झोनचं आहे का, हे सगळं आपणच बघायचं.

सगळ्यात महागात पडते ती शिक्का न मारण्याची चूक. स्टेशनवरच्या मशीनमधून घेतलेल्या कागदी तिकिटावर आपण शिक्का मारायचा असतो. त्यासाठी बसमध्ये एक छोटी पेटी असते, तिला एंटवेर्टर म्हणतात. तिकिटाचं टोक फटीत सरकवलं की टक् असा आवाज होतो आणि तारीख-वेळ उमटते. माझे बाबा पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी तिकीट घडीसुद्धा पडू न देता पाकिटात जपून ठेवलं होतं. साध्या कपड्यांतल्या तपासनिसाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि 60 युरो दंड केला. तिकिटाचे पैसे भरले होते, पण शिक्का नसला की प्रवास विनातिकीटच धरतात. बाबांना पैशांपेक्षा चारचौघांत फुकटे ठरल्याचं जास्त लागलं. तेव्हापासून घरी कोणीही आलं की मी आधी ती पेटी दाखवते. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर बसमध्ये पाय ठेवण्याआधी काढा. तपासनीस दिसल्यावर काढलेलं चालत नाही.

दुसरी फसगत विमानतळावर होते. भाड्यासाठी बर्लिन आणि आसपासचा भाग ए, बी, सी अशा झोनमध्ये वाटलेला आहे. शहरात एबी झोनचं तिकीट पुरतं, पण विमानतळ सी झोनमध्ये आहे. तिथून एक्स7 बसने रुडो स्टेशनला येऊन पुढे भुयारी रेल्वे पकडायची असेल तर एबीसी तिकीटच हवं.

एकेरी एबी तिकीट 2 तास चालतं, वाटेत बस बदलता येते. पण त्याच तिकिटावर परत फिरता येत नाही. 'कुर्त्सश्ट्रेके' हे स्वस्त तिकीट बसने 6 थांब्यांपुरतं, आणि तेही बस न बदलता. डॉइचलांडटिकीट, म्हणजे जर्मनीभर लोकल गाड्या-बसला चालणारं तिकीट, घेतलंत तर ती दर महिन्याची वर्गणी आहे हे ध्यानात ठेवा. महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात. सुट्टीवर भारतात निघालेले कितीतरी जण इथे चुकतात.

मुंबईत बेस्टच्या जुन्या बसमध्ये मागून चढायची सवय. इथे पुढच्या दाराने चढून ड्रायव्हरला तिकीट दाखवायचं. तिकीट ड्रायव्हरकडूनच घेणार असाल तर कार्ड हाताशी ठेवा, रोख पैसे घेत नाहीत. थांब्याचं नाव दोन्ही बाजूंना तेच असतं, म्हणून बसच्या कपाळावरचं शेवटच्या ठिकाणाचं नाव वाचूनच चढा. उतरायच्या थांब्याआधी लाल बटण दाबा, नाहीतर उतरणारं-चढणारं कोणी नसेल तर बस सरळ पुढे निघून जाते.

रात्री एकट्याने घरी येत असाल तर एक सोय माहीत असू द्या. 8 नंतर ड्रायव्हरला आधी सांगितलं आणि जागा सुरक्षित असली, तर तो दोन थांब्यांच्या मध्येही उतरवतो. त्यासाठी पुढच्या दारापाशी उभं राहा.