रंगीत पाट-चौरंग: या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की माळ्यावरचे पाट खाली येतात आणि माझा फोन वाजायला लागतो. "कशाने पुसू गं?" जुन्या सुती कपड्याने, कोरड्या. बस्स. एवढं सांगूनही लोकांचं समाधान होत नाही.

आमच्या मडगावच्या वहिनीचंही झालं नाही. सासूबाईंच्या लग्नातला गोव्यातल्या कुंकळ्ळी गावचा पाट तिने सॅनिटायझरने पुसला, 'जंतू जातात' म्हणून. या पाटांवर लाखेचा लेप असतो, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिशवाले ती स्पिरिटमध्येच तर भिजत घालतात. कमळाचा लाल रंग हिरव्या वेलीत उतरला, पुसायचा कापसाचा बोळा गुलाबी झाला. तिथे थांबली असती तर निम्मं वाचलं असतं. पण चिकट लागतंय म्हणून वरून हेअर ड्रायर! लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते, मऊ त्याआधीच पडते. कापसाचे तंतू पोपटाच्या पंखात रुतले ते आजही तिथेच आहेत. वहिनी आली की मी तो पाट मुद्दाम समोर मांडते.

पावसाळ्यात पांढुरके डाग दिसले तर तो बहुतेक वेळा दमटपणा असतो. सावलीत, वाऱ्यावर ठेवा आणि पंधरा दिवस हात लावू नका. हे कोणालाच जमत नाही.

गरम पातेलं ठेवू नका. उन्हात वाळवू नका.

दुसरी चूक बघण्यातली. पाळण्याच्या कातीव खांबावरची वलयं ब्रशने काढलेली नसतात. लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. म्हणून वलयाची कड रेखीव असते. पानं, पोपट, कमळं मात्र हाताची. ती थोडी इकडेतिकडे होणारच. आणि लोक नेमकं उलटं करतात: "दोन पाकळ्या सारख्या नाहीत" म्हणून चितारीकडे, म्हणजे हे पाट रंगवणाऱ्या कारागिराकडे, घासाघीस करतात, आणि चिकटवलेल्या छापील फुलांना "काय सफाई आहे!" म्हणतात. मी तर पाट खिडकीपाशी नेऊन तिरका धरते. ब्रशचा फटकारा सुरुवातीला जाड असतो, टोकाला विरतो, कडेला रंगाचा बारीक उंचवटा दिसतो. मग उलटा करून खालचं लाकूड बघते. किंमत त्यानंतर विचारते.

प्रत्येक रंगीत चौरंगाला 'सावंतवाडीचा' म्हणू नका. चितारी गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातही आहेत.

आणि ऑईल पेंटचा डबा घेऊन जुना पाळणा 'नवा' करायला निघालेल्यांनी मला फोन करू नये.