यूकेला शिकायला जाताना पुण्याची नोकरी चालू ठेवणार असाल तर

व्हिसाचा अर्ज भरण्याआधी एचआरशी बोला आणि ठरेल ते मेलवर लेखी घ्या. "पगारावर ठेवणं अवघड आहे, तुला कन्सल्टंट करू, टीडीएस कापून इन्व्हॉइसवर पैसे देऊ," असं कंपनी अगदी आपुलकीने सुचवते. मलाही सुचवलं होतं आणि मी हो म्हणणारच होते. पण स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करायला, म्हणजे फ्रीलान्सिंगलाही, साफ मनाई आहे. पैसे रुपयांत पुण्याच्या खात्यात जमा झाले तरी काम तुम्ही यूकेत, लीड्समध्ये बसून करता, म्हणून ते तिथलंच धरलं जातं. तेव्हा नोकरी पगारीच राहू द्या. अर्धवेळ नेमणुकीचं नवं पत्र घ्या, त्यात आठवड्याचे तास आकड्यांत हवेत.

मास्टर्सला सत्र चालू असताना मर्यादा आठवड्याला 20 तासांची, आठवडा सोमवार ते रविवार. एका आठवड्यात 24 आणि पुढच्यात 16 असा हिशेब चालत नाही, आणि कॅफेतली नोकरी धरली तर तेही तास याच 20 मध्ये. एक वर्षाच्या मास्टर्समधला उन्हाळा प्रबंधाचा असतो. तो सुट्टी समजून पूर्णवेळ काम करू नका. मी दोनशे पानी वही ठेवली होती. तारीख, लॉगिन, लॉगआउट, आणि रविवारी रात्री लाल पेनाने बेरीज.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेचार तासांचा फरक साडेपाचवर येतो. पुण्यातली सकाळी दहाची मीटिंग म्हणजे तुमची पहाटे साडेचारची, स्वयंपाकघरात अंधारात, घरातले बाकीचे झोपलेले असताना. ती दुपारी अडीचला हलवायला आधीच सांगा, मग तुमचे नऊ वाजतील.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर तसं पत्र जवळ ठेवा. क्लायंटचा डेटा भारताबाहेर उघडायला परवानगी आहे का, हेही मॅनेजरकडून लेखी घ्या.

बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्या. सीएला एकदा भेटाच, कारण तिथे बसून कमावलेल्या पगारावर तिथला कर लागू होतो: वर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल, करमुक्त मर्यादा 12,570 पौंड. आणि भारतातल्या सिमचं रोमिंग इथूनच सुरू करून, रिचार्ज संपायची तारीख फोनमध्ये लावून ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येणार.