बाळाच्या घशात काही अडकलं तर या चुका टाळा

तासगावकडे घरात बेदाणे असतात, सांगलीत भडंगातले शेंगदाणे. रांगणारं बाळ फरशीवरचा एखादा दाणा कधी उचलून तोंडात घालतं, कळतही नाही.

बाळ खोकायला लागलं की आपण पाणी पाजतो, ‘वर बघ, चिमणी बघ’ म्हणत टाळूवर फुंकर घालतो, पाठीत धपाटे देतो. हे नको. जोरात खोकतंय, रडतंय तोवर त्याला खोकू द्या, फक्त नजर हलवू नका. आवाज बंद झाला, रडू फुटेना, ओठ निळे पडू लागले, की मात्र क्षणभरही थांबू नका.

तोंडात बोट घालून चाचपडलं तर दाणा आणखी आत जातो. डोळ्यांना दिसला तरच काढा. पाय धरून उलटं लटकवणंही चूकच. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट तर कधीच दाबू नका, यकृताला इजा होते. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, जबड्याला आधार द्या, डोकं छातीपेक्षा खाली ठेवा. दोन्ही खांद्यांच्या मधे तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं 5 थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध 5 दाब. दाणा निघेपर्यंत हेच आलटूनपालटून.

बाळ निपचित पडलं, श्वास दिसेना, तर 108 लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडानं श्वास देणं, सुरू करा. जतच्या वस्तीवर गाडी यायला वेळ लागतो, तो वेळ तुमच्याच हातात असतो. मोठ्या माणसाचा व्हिडिओ आठवून नुसते दाब देणं ही इथली मोठी चूक. बाळाचं हृदय बहुतेकदा श्वास कोंडल्यानं थांबतं, म्हणून 30 दाबांमागे 2 श्वास हवेतच. दाब सुमारे 4 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. श्वास देताना बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या, छाती वर येईल इतकीच हवा सोडा. मान मागे टाकू नका, सरळ ठेवा.

मला सगळ्यात खुपते ती चूक वेगळीच. शिकतात आईबाबा, आणि दिवसभर बाळ असतं आजीजवळ. लसीकरणाला जाल तेव्हा बालरोगतज्ज्ञांना विचारा, बाहुलीवर सराव कुठे करून घेतात ते. तिथे आजीलाही न्या, आणि पहिला हात तिलाच लावू द्या.