गळाला लागलेला केंड जिवंत कसा सोडावा

कोकणात खडपावरून गरवताना माकूलाचा (स्क्विडचा) तुकडा लावला की कधी ना कधी केंड, म्हणजे फुग्यासारखा फुगणारा विषारी मासा, लागतोच. गुळगुळीत हिरवट-तपकिरी पाठ, पांढरं पोट आणि पोपटासारखी चोच. शास्त्रीय नाव लॅगोसेफॅलस इनर्मिस.

दोरी आवरा, पण मासा वर उचलू नका. पाण्याने भरलेली बालदी त्याच्याखाली धरा.

गरी पकडीनेच काढा. वरचे दोन आणि खालचे दोन दात जुळून झालेली ती चोच खेकड्याची कवटी फोडते, तिथे बोटाचं काय? गरी खोल गेली असेल तर तोंडाजवळ दोरी कापा.

खरी कसोटी पुढे आहे. केंड पाणी पिऊन फुगला असेल तर काळजी नको, ते तो स्वतःच टाकतो. हवा गिळली असेल तर मात्र तो उलटा तरंगतो, बुडू शकत नाही. ‘सोडून द्या, होईल आपोआप कमी’ हे ऐकून सुरुवातीला मी दोन केंड तसेच सोडले. दोन्ही थोड्या वेळाने खडपात मेलेले सापडले. अजूनही ते डोळ्यांसमोरून जात नाहीत. ‘पोट दाबा’ हा सल्ला तर त्याहून वाईट. फुगलेलं असतं ते त्याचं जठर, दाबलं तर आत इजा होते. टाचणीचं नावही काढू नका.

हात ओले करा. मासा पाण्यातच उभा धरा, तोंड वर, शेपूट खाली, तोंडसुद्धा पाण्याखाली. हवा वर चढते, म्हणून ती तोंडाकडे येते. अगदी हळू हलवा आणि थांबा. आधी काहीच होत नाही, याच वेळी लोक धीर सोडतात. मग बुडबुडे येतात. पोट बसलं की आडवा धरा आणि शेपटी जोरात हलवेपर्यंत सोडू नका.

नंतर हात साबणाने धुवा.

घरी मात्र नेऊ नका. ‘काळीज आणि गाबोळी काढली की चालतो’ म्हणणाऱ्याच्या ताटात जेवू नका. त्यातलं विष, टेट्रोडोटॉक्सिन, शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. कुणी खाल्लाच आणि ओठ-जीभ बधिर झाली, तर वाट न पाहता व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा. श्वासाचे स्नायू लुळे पडतात, माणूस बऱ्याचदा शुद्धीत असतानाच.

मेलेला केंड पुळणीवर टाकू नका, कुत्री-मांजरं खातात. भरतीच्या रेषेच्या वर खोल पुरा.