पंचांग बघताना या चुका टाळा

कॅलेंडरच्या चौकोनात तृतीया आणि त्याच दिवशी संकष्टी? ही छपाईची चूक नव्हे. दिवसाला सूर्योदयाच्या तिथीचं नाव मिळतं, पण तिथी सूर्योदयाला बदलत नाही आणि रात्री बारालाही नाही. चंद्र सूर्याच्या आणखी १२ अंश पुढे गेला की एक तिथी सरते. त्याला कधी १९ तास लागतात, कधी २६. संकष्टीला चतुर्थी चंद्रोदयाला असावी लागते, गणेश चतुर्थीला मध्यान्हाला, तर लक्ष्मीपूजनाला अमावास्या प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळी. म्हणून नुसतं नाव वाचू नका, समाप्तीची वेळ बघा. तिथे २६:१५ असं दिसलं तर ती उत्तररात्रीची सव्वादोनची वेळ. पंचांगाचा वार सूर्योदयापर्यंत तोच चालतो.

परदेशातल्या मंडळींची फसगत इथेच होते. २०२४ मध्ये अमावास्या १ नोव्हेंबरला भारतात संध्याकाळी ६:१६ ला संपली. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन त्याच दिवशी झालं. पण न्यूयॉर्कच्या घड्याळात तेव्हा सकाळचे ८:४६ वाजले होते, म्हणजे तिथे १ तारखेच्या संध्याकाळी प्रतिपदा. अमावास्येचा प्रदोष त्यांना ३१ ऑक्टोबरलाच मिळाला. व्हॉट्सॲपवर पुण्याहून आलेला मुहूर्त तिकडे जसाच्या तसा चालत नाही. अहो, मुंबईचा चंद्रोदय नागपूरलाही चालत नाही. उपास सोडायला सुमारे २५ मिनिटं उगाच ताटकळावं लागेल.

राहुकाळाचा, म्हणजे दिवसातल्या अशुभ मानल्या जाणाऱ्या वेळेचा, तर पाठ केलेला तक्ताच असतो : सोमवारी साडेसात ते नऊ. हा हिशेब सहा ते सहा अशा बारा तासांच्या दिवसाचा. खरा राहुकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त याच्या आठ समान भागांपैकी एक, सोमवारी दुसरा. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य ७:१० च्या सुमारास उगवतो आणि असा एक भाग जेमतेम ८२ मिनिटांचा असतो. राहुकाळ येतो साधारण ८:३२ ते ९:५४. नऊ वाजले म्हणून निर्धास्तपणे निघालेला माणूस नेमका त्यातच सापडतो! पाळावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पाळायचाच तर खरा तरी पाळा.

उत्तरेकडच्या वाहिन्यांवर श्रावण सुरू झाला म्हणून सोमवार धरू नका. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण पंधरवडाभर आधी लागतो. शुक्ल पक्षात महिन्यांची नावं जुळतात, म्हणून गणपती-दसऱ्याला घोळ होत नाही. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण. तिथी मात्र तीच.