व्हीपीएन चालू, तरी ओळख उघडी: ब्राउझरमधल्या या चुका टाळा

ऑफिसातल्या गैरव्यवहाराची निनावी तक्रार करणारे, घरच्या छळातून सुटायची वाट शोधणाऱ्या बायका, बातमीदाराला कागदपत्रं पोचवणारे कार्यकर्ते. यातले बरेच जण व्हीपीएनचं, म्हणजे आपली इंटरनेट वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सेवेचं, बटण दाबतात आणि निर्धास्त होतात. घात होतो तो इथेच. व्हीपीएनने आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपलं कनेक्शन ओळखणारा आकडा, बदलतो, पण ब्राउझर आपल्याबद्दल बाकीचं सांगत राहतो, आणि कधी कधी तो खरा पत्ताही सांगून टाकतो.

हा पत्ता फुटतो तो बहुतेक वेळा वेबआरटीसीमुळे. ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल याच सोयीवर चालतात. थेट जोडणी व्हावी म्हणून ब्राउझर ‘स्टन’ नावाच्या मदतनीस सर्व्हरला विचारतो, ‘बाहेरून माझा पत्ता काय दिसतो?’ तुमचं व्हीपीएन म्हणजे नुसतं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेली छोटी सोय) असेल तर ते बहुधा साधं प्रॉक्सी, म्हणजे फक्त ब्राउझरची पानं आणून देणारा मध्यस्थ, असतं, आणि यूडीपी या वेगळ्या पद्धतीने जाणारी ही चौकशी त्याला वळसा घालून थेट बाहेर पडू शकते. उत्तरात घरच्या कनेक्शनचा पत्ता येतो आणि पानावरचं जावास्क्रिप्ट तो वाचतं. कॅमेऱ्याची परवानगी मागणारी खिडकीसुद्धा उघडत नाही, म्हणून कुणाला काही कळत नाही.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. व्हीपीएन बंद ठेवून आपला आयपी लिहून घ्या. मग ते चालू करून ब्राउझरलीक्ससारख्या साइटवर वेबआरटीसीची चाचणी करा. लिहून घेतलेला आकडा पुन्हा दिसला, तर गळती आहे. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत अबाउट:कॉन्फिग (about:config) उघडून ‘मीडिया.पीअरकनेक्शन.एनेबल्ड’ (media.peerconnection.enabled) हे ‘फॉल्स’ (false) करा. ब्रेव्ह ब्राउझरमध्ये प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये वेबआरटीसीसाठी वेगळा पर्याय आहे, तिथे प्रॉक्सीबाहेरचं यूडीपी बंद करा. यानंतर ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल चालणार नाहीत, म्हणून रोजच्या कामासाठी दुसरं प्रोफाइल ठेवा.

त्याच साइटवर आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब आयपी पत्ताही बघून घ्या. जिओसारख्या मोबाइल नेटवर्कवर तो सर्रास मिळतो. व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) वळवत असेल, तर आयपीव्ही६ची वाहतूक उघडीच जाते. डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या, यादीत तुमच्या इंटरनेट कंपनीचे सर्व्हर दिसले, तर कुठल्या साइट उघडल्या ते तिला कळतंय. व्हीपीएनचं पूर्ण अ‍ॅप वापरा आणि त्यातलं गळती रोखणारं सेटिंग चालू करा.

आता फिंगरप्रिंटिंग. स्क्रीनचा आकार, फाँट, ग्राफिक्स कार्ड, टाइमझोन, भाषा हे सगळं जोडलं की कुकीशिवायही (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेशिवायही) ब्राउझर ओळखता येतो. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१०मध्ये ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. मराठी माणसाने इथे जास्तच जपायला हवं. आयपी अ‍ॅमस्टरडॅमचा, पण घड्याळ +५:३० दाखवतंय, म्हणजे माणूस भारतातला किंवा श्रीलंकेतला. ब्राउझरची पहिली पसंती मराठी असेल, तर प्रत्येक साइटला ‘एमआर’ (mr) किंवा ‘एमआर-आयएन’ (mr-IN) असा संकेत जातो. अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या सर्व्हरवरून त्या वेळी असे किती जण आले असतील? आपली भाषा ब्राउझरमध्ये असावीच, असं मला मनापासून वाटतं. पण निनावी कामाच्या प्रोफाइलमध्ये ती ठेवू नका.

यावर उपाय म्हणून लोक दहा-बारा प्रायव्हसी एक्स्टेंशनं लावतात. त्यातली काही साइटला ओळखता येतात, आणि तुमचा ब्राउझर गर्दीतून आणखी उठून दिसतो. टॉर या निनावी वापरासाठी बनवलेल्या ब्राउझरचा मार्ग उलटा आहे: सगळे वापरणारे एकसारखे दिसावेत. तो टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सांगतो, खिडकीचा आकार ठरावीक मापात ठेवतो, वेबआरटीसी बंद ठेवतो. त्यात एकही एक्स्टेंशन घालू नका, खिडकी ताणून मोठी करू नका, इंग्रजी पानं मागायची का असं त्याने विचारलं तर हो म्हणा.

इन्कॉग्निटोबद्दलचा, म्हणजे ब्राउझरच्या ‘खासगी’ खिडकीबद्दलचा, गैरसमज तर जाता जात नाही. त्याने फक्त तुमच्या मशीनवरचा इतिहास पुसला जातो. इन्कॉग्निटोमध्येही माहिती गोळा होते म्हणून गुगलवर २०२०मध्ये खटला भरला गेला, आणि २०२४च्या तडजोडीत कंपनीने तसा साठवलेला डेटा नष्ट करायचं कबूल केलं.

आणि हे सगळं नीट करूनही त्याच खिडकीत स्वतःचं जीमेल उघडलंत, तर वरचं एकही सेटिंग उपयोगाचं नाही. निनावी कामाच्या प्रोफाइलमध्ये खऱ्या नावाचं एकही खातं उघडू नका, पासवर्ड साठवू नका, ब्राउझरचं सिंक (सगळ्या उपकरणांवर तीच माहिती पोचवणारी सोय) बंद ठेवा. ब्राउझर किंवा व्हीपीएन अपडेट झालं, नेटवर्क बदललं, की चाचणी पुन्हा करा.